बाल्कनी की डेक?

क्रूझचं तिकीट काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच, "बाल्कनीवाली केबिन आहे ना?" मित्रांनो, माझं मत विचाराल तर बंदर सोडतानाच्या पहिल्या तासासाठी तरी ती बाल्कनी म्हणजे निव्वळ उधळपट्टी!

साधी भूमिती बघा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून निघालेलं जहाज दक्षिणेकडे जातं. उजव्या हाताला १९२४ चं गेटवे, शेजारी १९०३ चं ताज, मग कुलाबा आणि टोकाला १८७५ चं प्राँग्ज दीपगृह. डावीकडे उरण-करंजाच्या टेकड्या. बाल्कनी डावीकडची मिळाली की मुंबई गेली! मागच्या मोकळ्या डेकवर मात्र दोन्ही किनारे दिसतात, तेही फुकट.

आता उंची. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणा. डोळे पाण्यापासून २५ मीटरवर असतील तर क्षितिज १८ किलोमीटरवर, ९ मीटरवर असतील तर ११. म्हणून खुल्या समुद्रासाठी वरचा डेक.

पण बंदरातली खरी गंमत खाली! दोरीच्या शिडीवरून छोट्या लाँचमध्ये उतरणारा पायलट बघा. एवढ्या धुडाला ज्यानं बोटींच्या गर्दीतून वाट दाखवली, त्याला बघायला कठड्याशी कितीजण असतात? बाकी सगळे बुफेच्या रांगेत!

आणखी एक. संध्याकाळी सूर्य शहरामागे जातो, गेटवे काळपट दिसतं. सकाळी मुंबईत परतताना ऊन थेट त्याच्या तोंडावर असतं. तेव्हा लवकर उठा!

थोडक्यात काय, केबिन झोपण्यापुरती घ्या. खिडकी विकत मिळते हो, नजर नाही.