पाडव्याचा मेनू आणि पाहुण्यांची यादी

येत्या रविवारी, ३० मार्चला पाडवा. दरवर्षी संध्याकाळी आमच्याकडे घरचे नऊ आणि बाहेरचे सहा-सात जेवायला असतात. मेनू ठरायला दहा मिनिटं पुरतात. यंदा पाहुण्यांची यादी ठरायला दोन दिवस लागले, म्हणून लिहितेय.

१७ मार्चच्या रात्री महालात काय झालं ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. नागपुरात अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. काही भागांत ती आधी सैल झाली, शेवटच्या भागांतून २३ तारखेला उठली. जखमी झालेला एक माणूस दवाखान्यात गेला. आणि मग आमच्या नात्यातल्या एका ताईंचा फोन आला. "यंदा त्या तुझ्या ऑफिसातल्या बाईंना काऊन बोलावतेस? बरं दिसते का ते?"

त्या बाई मुसलमान आहेत. आठ वर्षं पाडव्याला आमच्याकडे जेवतात. ताई वाईट नाहीत हो. त्यांना भीती वाटते, पण त्या तिला भीती न म्हणता रीत म्हणतात. असल्या फोनांनीच शहर तुटतं असं माझं मत आहे. दगड फेकणारे सीसीटीव्हीत सापडतात. यादीतून गुपचूप नाव कमी करणारे कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाहीत. तुमच्याही यादीतून यंदा एखादं नाव गळलं असेल, तर कोणाच्या सांगण्यावरून गळलं ते जरा आठवा.

नाव राहिलं. मग खरी पंचाईत मेनूची. रविवारी त्यांचा २९वा रोजा. चंद्र दिसला तर सोमवारी ईद. म्हणजे त्या येणार रोजा सोडायला, साडेसहाच्या सुमारास, आणि चंद्राची बातमी आली की शीरखुर्म्याच्या तयारीला पळणार. आमच्याकडे साडेनऊच्या आत पान वाढल्याचा इतिहास नाही! सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला : "उपाशी माणसाले ताटकळत ठेवते का कोणी?" जेवण साडेसहाला.

त्यामुळे आधी खजूर, मृग बहाराची संत्री आणि लिंबाचं सरबत. मग पुरणपोळी, वर तुपाची धार. पुरण सकाळीच शिजवून, वाटून ठेवणार. वडाभात हवाच, वड्यांसाठी डाळी आदल्या रात्री भिजत घालायच्या. सोबत कढी आणि पाटोडीचा रस्सा. धाकट्या जावेला सांभारवडी हवी होती (पुणेकरांनो, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर), पण तो थंडीतला पदार्थ. या उन्हात पंधरा माणसांच्या वड्या तळायला उभं कोण राहणार, ती का मी? श्रीखंड विकतचं. पनीर नाही. पाडव्याचं जेवण शाकाहारीच, त्यामुळे हलाल-झटक्याचा वादही दाराबाहेरच राहतो.

सामान इतवारीतूनच आणणार. घरबसल्या दहा मिनिटांत सगळं येतं, माहीत आहे. पण होळी ते पाडवा हा गाठ्यांचा हंगाम. नेमका त्याच हंगामात हा भाग बंद होता. गुढीला घालायची गाठी पाडव्यानंतर कोण विकत घेतो? नुकसान दंगेखोरांकडून वसूल करू, असं मुख्यमंत्री म्हणाले. करावंच. पण जळालेल्या गाडीचा पंचनामा होतो, घरी उभ्या राहिलेल्या हातगाडीचा होत नाही. रोज कमावून रोज खाणाऱ्याचे बुडालेले दिवस कोणत्या रकान्यात लिहिणार? त्याच्यासाठी किमान परवाना शुल्क माफ करावं, एवढी मागणी तरी सगळ्या पक्षांच्या नगरसेवकपदाच्या इच्छुकांनी एकत्र करावी. शांतता समितीच्या बैठकीत चहा-बिस्किटावर फोटो काढून झाले असतील तर.

त्याच दिवशी पंतप्रधान नागपुरात आहेत, स्मृती मंदिर आणि दीक्षाभूमी दोन्हीकडे जाणार. बंदोबस्त असणारच, तेव्हा बाहेरून येणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघा.

बाईंना काल फोन केला. आधी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यंदा बोलावणं येईल की नाही, असं वाटत होतं." येताना शेवया आणतो म्हणाल्या. ताईंनाही बोलावलंय. साडेसहाचीच वेळ दिलीय.