आणखी एक वर्ष

पदवी हाती आली की मुलाने पोटापाण्याच्या उद्योगास लागावे, ही घरोघरच्या वडीलधाऱ्यांची रास्त इच्छा. अमेरिकेतील काही तरुण डॉक्टर मात्र नेमके त्याच वेळी आणखी एक वर्ष शिष्यत्व मागावयास निघतात. त्यांची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात ४ वर्षे, रुग्णालयात उमेदवारीचे १ वर्ष आणि त्वचारोगांच्या अभ्यासात ३ वर्षे घालविल्यावर तेथे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ होतो. त्वचेच्या कर्करोगावरील ‘मोझ’ शस्त्रक्रियेत ज्यास प्रावीण्य मिळवावयाचे असते, तो पुढे वर्षभराच्या फेलोशिपसाठी अर्ज करतो.

विस्कॉन्सिन येथील डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी १९४१ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. गाठीचा पातळ थर कापावयाचा, त्याच्या कडा व तळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचे, आणि रोग जेथे उरला असेल तेथेच पुन्हा कापावयाचे. नाक, पापणी अशा ठिकाणी निरोगी त्वचेचा कणही मोलाचा असतो. येथे कापणारा व तपासणारा डॉक्टर एकच असतो. त्याच्या नजरेतून अंशमात्र रोग निसटला, तरी तो रुग्णास पुन्हा गाठू शकतो. म्हणूनच ही विद्या गुरूच्या शेजारी उभे राहून शिकावी लागते.

अर्जासोबत शिक्षणाचा वृत्तान्त, गुरुजनांची शिफारसपत्रे आणि स्वतःचे मनोगत धाडावयाचे असते. मुलाखती झाल्यावर उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, शिकविणारी केंद्रेही आपापली यादी देतात, आणि संगणक त्यांची जुळणी करतो. ‘ती जागा आपणांस कोठली मिळणार!’ असे म्हणून तिला यादीत खाली ढकलणे हा वेडेपणा होय. जी जागा मनात पहिली, तीच कागदावर पहिली असावी. ती न मिळाली, तरी तिच्या खालच्या जागेवरील संधी त्यामुळे कमी होत नाही.

जागा थोड्या असल्याने काहींचे नाव कोठेच जुळत नाही. निराशा होणारच, तथापि तो त्वचारोगतज्ज्ञ असतोच. त्याने रुग्णसेवा करीत राहावे व पुढे पुन्हा अर्ज करावा.

रोग गेला असे वाटणे निराळे आणि तो गेल्याचे डोळ्यांनी पाहणे निराळे. हा भेद शिकण्यासाठी मागितलेले एक वर्ष वाया गेले, असे कोणत्या रुग्णाच्या घरचे माणूस म्हणेल?