प्रबोधिनीचे जागरण आणि आपला शेजारधर्म

आज कार्तिक शुद्ध एकादशी. आषाढीला शेषशय्येवर निद्रिस्त झालेले भगवान श्रीविष्णू चातुर्मास संपवून आज जागृत होतात, म्हणून हिला प्रबोधिनी म्हणावयाचे. पंढरीस चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांनी फुलले आहे. आपल्या खानदेशातही घरोघरी उपवास आहे, वृंदावने रंगवून तुळशीच्या विवाहाची सिद्धता चालली आहे आणि जळगावच्या जुन्या गावातून प्रभू रामचंद्रांचा रथ निघावयाचा आहे. धरणगाव, एरंडोल, अमळनेर, पारोळा या पंचक्रोशीतील किती भाविकांची पावले आज त्या रथाकडे वळतील, याची गणती नाही. अशा मंगल दिवशी देवाच्या जागरणाबरोबर आपल्या अंतःकरणाच्या जागरणाचाही विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

जळगावचा हा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. दीड शतकाहून अधिक काळ तो चालत आला आहे. रथ भिलपुऱ्यात आला म्हणजे लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, समाधीवर चादर अर्पण केली जाते आणि तेथील मुस्लिम बांधव रथाचे स्वागत करतात. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही खूण, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. दोघांनीही आपापली उपासना सोडली नाही. एकाची रामभक्ती उणावली नाही, दुसऱ्याची बंदगी उणावली नाही. तरीही एकाच्या देवाचा रथ दुसऱ्याच्या दारी थांबला आणि थांबत राहिला. खानदेशच्या भक्तिपरंपरेचे हे भूषण होय.

परंतु भूषणाचा अभिमान मिरवताना इतिहासाकडे डोळेझाक करणे सत्यनिष्ठ माणसास शोभत नाही. ज्या जळगावात हा रथ थांबतो त्याच जळगावात १९७० च्या मे महिन्यात भिवंडीच्या पाठोपाठ दंगल उसळली आणि ४३ माणसे प्राणास मुकली. मृतांत बहुतेक सर्व मुसलमान होते. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील त्या प्रकारांची चौकशी केली. त्या वेळी रथाची परंपरा शतकाच्या उंबरठ्यावर होती. वर्षातून एक दिवस दाखविलेला स्नेह उरलेल्या दिवसांच्या द्वेषाला आवर घालू शकला नाही, हाच याचा अर्थ. अगदी अलीकडचेच पाहावयाचे तर आपल्या धरणगाव तालुक्यातील पाळधीला २०२३ च्या मार्चमध्ये मिरवणुकीतील वाद्यांवरून दगड चालले. २०२४ च्या अखेरच्या रात्री वाहनाच्या भोंग्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने दुकाने जळाली आणि गावावर संचारबंदी आली. साने गुरुजींच्या कर्मभूमीत, अमळनेरातही, २०२३ च्या जूनमध्ये संचारबंदी लागली. संचारबंदी लागलेल्या गावात देवळाचे दार उघडावयासही पहारेकऱ्याची अनुमती घ्यावी लागते. मग काकडआरती कोठली आणि हरिपाठ कोठला? तेव्हा शेजाऱ्याशी कसे वागावे हा प्रश्न केवळ राज्यकर्त्यांचा अथवा पोलिसांचा नाही; तो आपल्या उपासनेचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयाचे कारण नाही. १९३२ साली आचार्य विनोबा भावे धुळ्याच्या कारागृहात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी त्यांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ अशा रीतीने खानदेशच्या मातीत जन्मास आला. आज तो किती देवघरांत गीतेशेजारी ठेवलेला आढळतो! बाराव्या अध्यायाचा रविवार ८ मे रोजी आला. भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगितली आहेत ती याच अध्यायात.

त्या लक्षणांचा क्रम आमच्या मते फार मननीय आहे. आरंभी 'अद्वेष्टा', मग 'मैत्र', मग 'करुण'. व्याकरणदृष्ट्या 'द्वेष्टा' म्हणजे द्वेषाचा कर्ता. भक्त तो कर्ता नव्हे, हे पहिले लक्षण. पुढे 'मैत्र', म्हणजे मित्रभावाने वागणारा. आणि त्यानंतर 'करुण', दुसऱ्याच्या दुःखाने द्रवणारा. शिवाय हे सारे कोणाविषयी, तर सर्व भूतांविषयी. त्या षष्ठी विभक्तीत भगवंतांनी कोणताही अपवाद ठेवलेला नाही. ज्ञानेश्वर माउलींनी याच ठिकाणी पृथ्वीचा, प्राणाचा आणि पाण्याचा दृष्टांत दिला आहे. गाईची तहान भागवावी आणि वाघाला मात्र विष होऊन मारावे, असे पाणी कधी करीत नाही. करुणा ही तिसरी पायरी आहे. पहिल्या दोन पायऱ्या न चढता जो एकदम करुणेच्या गोष्टी बोलतो त्याचे बोलणे वाऱ्यावर जाते.

पहिली पायरी द्वेषत्यागाची. ही घरात चढावयाची असते. मुलांच्या देखत जेवणाच्या पंक्तीत आपण शेजारच्या मोहल्ल्याविषयी काय बोलतो, मोबाईलवर आलेला प्रक्षोभक मजकूर पडताळून न पाहता पुढे कसा धाडतो, याचा विचार व्हावा. पूर्वी अफवेला एका आळीतून दुसऱ्या आळीत जावयास घटका लागत असे. आता ती निमिषार्धात गावभर होते. असत्य पुढे पाठविणे हे असत्य बोलण्याइतकेच पाप आहे, हे एकादशीच्या उपवासाइतक्याच काटेकोरपणे पाळले पाहिजे. नारदांच्या गादीवर उभे राहणाऱ्या आम्हा कीर्तनकारांवर तर याची दुप्पट जबाबदारी येते. उत्तररंगात शिवचरित्राचे आख्यान लावताना श्रोत्यांच्या अंगी शौर्य यावे, वैर येऊ नये. शत्रूच्या स्त्रियांचा आणि परधर्माच्या ग्रंथाचा मान राखणारा तो राजा. त्याच्या नावाने शेजाऱ्याचा अवमान होत असेल तर ते आख्यान त्या राजालाच मानवणार नाही.

दुसरी पायरी मैत्रीची. मैत्री ही भाषणाने होत नाही, सहवासाने होते. खानदेशात तिचे धागे जुनेच आहेत. आपल्या शेतकऱ्याच्या कापसाला पिंजाऱ्याच्या धनुकलीने मऊपणा आला आणि त्याच कापसाच्या गाद्यांवर आपल्या लेकीसुनांचे संसार उभे राहिले. लग्नाचा चुडा मणियाराने भरला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी बांधव धर्माने मुसलमान असून कुळाने भिल्ल आहेत. हे धागे अलीकडे सैल झाले आहेत, कारण गाद्या कारखान्यातून येतात आणि चुडा दुकानातून. नित्याचा व्यवहार तुटला की ओळख तुटते आणि ओळख तुटली की शंका वाढते.

तुटलेली ओळख पुन्हा जोडता येते, याचे प्रमाण भिवंडीने दिले आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींत होरपळलेल्या त्या गावी १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. भांडण पेटल्यावर नव्हे, भांडण नसताना बसू लागले, हे त्यातील मर्म. पुढे १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. ही दैवी चमत्काराची कथा नव्हे. मनुष्यांनी नेमाने केलेल्या भेटीगाठींचे ते फळ. आणि नेम म्हणजे काय, हे वारकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

तिसरी पायरी करुणेची. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयात मुलांची आई झाले. पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण आरंभिले आणि ते दार उघडले. स्वधर्मातील अन्यायासाठी प्राण पणास लावणाऱ्या याच पुरुषाने इस्लामच्या पैगंबरांविषयी आदराने लिहिले. 'इस्लामी संस्कृती' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. धुळ्याच्या तुरुंगातील ते वक्ते, विनोबा, त्यांनीही अरबी भाषा शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि त्यातील वचनांचे सार संकलित केले. या दोघांच्याही हिंदुत्वास यत्किंचितही उणेपणा आला नाही. दुसऱ्याच्या घरातील दिवा पाहिल्याने आपल्या घरातील दिवा विझत नसतो.

संतांची साक्षही हेच सांगते. आषाढात तुकोबारायांची पालखी देहूहून निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग आणि आरती होते आणि मग ती पुढे जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांस संतमालिकेत स्थान दिले. नाथांनी भारुडात हिंदू आणि तुर्क यांचा संवाद घडविला. त्यात दोघेही एकमेकांस आधी टोचून बोलतात आणि अखेरीस समाधानाने भेटतात. वाद न टाळता तो संवादाकडे कसा न्यावा, याचा हा वस्तुपाठ.

आता एक गोष्ट पंचांगाची. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून त्यांचा दहावा दिवस आपल्या शुद्ध एकादशीच्या आसपास येतो. बकरी ईद दहाव्या दिवशी असते. साहजिकच ती दरवर्षी कोणत्या ना कोणत्या शुद्ध एकादशीच्या जवळ पडते. २०२४ आणि २०२५ साली ती ज्येष्ठातील निर्जला एकादशीच्या आगेमागे आली. त्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असून त्यात अधिकमास नाही, त्यामुळे त्यांचे सण ऋतूंमधून फिरत राहतात आणि सुमारे ३२-३३ वर्षांनी पुन्हा जवळपास त्याच जागी येतात. २०२३ साली २९ जून रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. त्या वेळी राज्यातील अनेक गावांच्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा मुंबईत व अन्यत्र त्यांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. आपण त्यांचे कौतुक केले, ते योग्यच झाले. परंतु कौतुक करून ऋण फिटत नाही. आपल्या मिरवणुकीची वाद्ये नमाजाच्या वेळी मशिदीसमोर क्षणभर थांबविणे आपल्यास जड का जावे? ज्याच्या मुखी नाम आहे त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेचा घटकाभर मान राखण्यात कमीपणा कसला?

येथे कोणी म्हणेल, टाळी एका हाताने वाजत नाही; आम्हीच का नमावे? प्रश्न अगदीच गैर नाही. दगड कोणत्याही हाताने फेकलेला असो, तो अधर्मच, आणि त्याचे शासन कायद्याने झाले पाहिजे. परंतु शेजाऱ्याने काय करावे हे त्याच्या घरची वडीलधारी माणसे त्यास सांगतील. हे पान आपल्या घरात वाचले जात आहे. म्हणून येथे आपले कर्तव्य सांगावयाचे. भगवंतांनीही भक्ताची लक्षणे सांगताना 'समोरचा तसा वागला तर' अशी अट घातलेली नाही.

मग करावे काय? आपल्या धरणगावापुरते बोलावयाचे तर पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. गुढीपाडव्यास नवे पंचांग घरी येते. त्याच आठवड्यात देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि मशिदींच्या जबाबदार माणसांनी एकत्र बसून वर्षाचे सण शेजारीशेजारी मांडावेत आणि मार्ग, वेळा, वाद्ये ठरवून घ्यावीत. प्रत्येक आळीतील चार आणि मोहल्ल्यातील चार प्रौढ माणसांनी दरमहा भेटावे; नाला, पाणी, दवाखाना, मुलांचे शिक्षण अशा साध्या गोष्टी बोलाव्यात. त्या भेटीत माता-भगिनींना स्थान असावे, कारण दंगलीत पहिले रडणे त्यांच्या वाट्यास येते. गावात कोणावर संकट कोसळले, घर जळाले, कर्ता पुरुष गेला, तर त्याचे नाव विचारण्यापूर्वी त्याच्या चुलीची चौकशी व्हावी. आणि उन्हाळ्यात आपण पाणपोई घालतो, तेथे येणाऱ्याची जात आपण विचारीत नाही. तोच नियम मनाच्या पाणपोईस लावावा.

आज रात्री हरिजागर आहे. टाळमृदंगाच्या गजरात आपण देवास उठवू. देव उठल्यावर सर्वप्रथम काय पाहील? आपण मांडलेला नैवेद्य तर पाहीलच, पण त्या नैवेद्याच्या दारापलीकडे शेजाऱ्याचे अंगण शांत आहे की भयभीत आहे, हेही तो पाहील. ते अंगण निर्भय असो, आपल्या मुखी नाम आणि मनी अद्वेष असो, अशी प्रार्थना श्रीपांडुरंगाच्या चरणी करून वाचकांस प्रबोधिनी एकादशीचे मंगल चिंतितो.