मोठा आकडा की नवी रीत?

एखाद्या संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की तिच्यासोबत नव्या सोयींची यादीही येते. आपली नजर साहजिकच त्यातील मोठ्या आकड्यांवर खिळते. माझे मत असे की, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशी यादी जरा निराळ्या रीतीने वाचावी. 'किती वाढले?' हे विचारण्याआधी त्याने 'हे कालपर्यंत का जमत नव्हते?' असे विचारावे. एका खऱ्या यादीवरून हे पाहू.

बँका, रुग्णालये, रेल्वेचे आरक्षण यांची कामे सर्व्हर नावाच्या शक्तिमान संगणकांवर चालतात. एका सर्व्हरला एकच काम दिले तर त्याची बरीचशी शक्ती वाया जाते. म्हणून जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे नांदत, प्रत्येकाचे दार निराळे, चूल निराळी, पण विहीर आणि छप्पर एकच, तशी एका सर्व्हरवर अनेक 'आभासी यंत्रे' चालवतात. प्रत्येक आभासी यंत्र जणू स्वतंत्र संगणकच असल्यासारखे वागते. ही कल्पना आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच प्रत्यक्षात आणली होती.

अशी यंत्रे सांभाळणारी एक प्रणाली म्हणजे व्हीएमवेअर कंपनीची 'व्हीस्फिअर'. तिची ६.० ही आवृत्ती २०१५ साली आली. एका आभासी यंत्राला देता येणाऱ्या प्रोसेसरांची कमाल संख्या ६४ वरून १२८ झाली, आणि मेमरी १ टेराबाइटवरून ४ टेराबाइट. आकडे भारदस्त आहेत खरे! पण त्याच यादीत एक किरकोळ वाटणारा आकडा होता: 'फॉल्ट टॉलरन्स' या सोयीतील प्रोसेसरांची मर्यादा १ वरून ४ झाली. माझ्या मते खरे विज्ञान या छोट्या आकड्यात होते.

ही सोय म्हणजे काय? एका आभासी यंत्राची जुळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत तयार ठेवायची. पहिला सर्व्हर बंद पडला तर जुळे भावंड काम तसेच पुढे चालवते. २००९ साली ही सोय प्रथम आली तेव्हाची युक्ती सोपी होती. एक प्रोसेसर आज्ञा एकामागून एक पाळतो. बाहेरून काय आले आणि ते नेमक्या कोणत्या आज्ञेच्या वेळी आले, एवढे जुळ्याला कळवले की तोही तेच गणित करून त्याच उत्तराला पोहोचतो.

आता दोन प्रोसेसर घ्या. मेमरीच्या एका खणात १०० ही संख्या आहे. एकाला तिच्यात ५० मिळवायचे आहेत, दुसऱ्याला ती दुप्पट करायची आहे. आधी मिळवणी झाली तर उत्तर ३००. आधी दुप्पट केली तर २५०. कोण आधी पोहोचेल हे अतिसूक्ष्म कालफरकावर ठरते. मूळ यंत्रात ३०० आले आणि जुळ्यात २५०, तर ते जुळे कसले? असा प्रत्येक क्रम टिपून कळवत बसणे फार महागात पडते. जुनी रीत एका प्रोसेसरवर अडली होती ती यामुळे.

म्हणून २०१५ साली रीतच बदलली. जुळ्याने तेच गणित पुन्हा करायचे नाही. मूळ यंत्राच्या मेमरीत जेवढा बदल झाला तेवढाच भाग थोड्याथोड्या वेळाने त्याच्याकडे पाठवायचा. तो पोहोचल्याची पावती येईपर्यंत मूळ यंत्राने आपले उत्तर बाहेर जाऊ द्यायचे नाही. अर्थात याची किंमत मोजावी लागते: दोन सर्व्हरांमधला दुवा वेगवान हवा आणि उत्तराला किंचित विलंब होतो. शिवाय कोणी चुकून फाइल पुसली, तर ती जुळ्याकडेही पुसली जाते! सर्व्हर बिघडला तर ही सोय तारते. माणूस चुकला तर नाही. त्यासाठी निराळी साठवलेली प्रत लागतेच. मर्यादेचे हे भान नसेल, तर रुग्णालयाच्या नोंदी 'सुरक्षित' समजून आपण फसू.

ती आवृत्ती आज जुनी झाली. तिच्यानंतरच्या आवृत्त्यांनी ते मोठे आकडेही मागे टाकले. पण 'अनेकांनी एकच वस्तू हाताळली की क्रमाला महत्त्व येते' हे तत्त्व जुने झालेले नाही. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, संगणकाच्या तासाला 'वैशिष्ट्ये लिहा' एवढ्यावर थांबू नये. पाठ केलेली यादी पुढच्या आवृत्तीबरोबर निरुपयोगी होते. समजलेले कारण पुढची यादी वाचायला उपयोगी पडते.

जाता जाता एक उद्योग देतो. मिळवणे, वजा करणे, गुणणे आणि भागणे यांपैकी कोणत्या दोन क्रियांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते, आणि कोणत्या दोहोंचा बदलला की उत्तर बदलते? वहीत जोड्या मांडून पाहा. त्या प्रणालीच्या अभियंत्यांपुढचे कोडे याच जातीचे होते.