बरकत घोड्यात आहे, पैजेत नाही

मार्गशीर्ष संपत आला की नांदेड-लातूर रस्त्यावर घोडे भरलेले टेम्पो दिसू लागतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत जनावरांचा मोठा बाजार. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल, सगळं तिथं असतं. यात्रा खंडोबाची, पण बाजार सगळ्यांचा. सौदा करणारे, नाल ठोकणारे, साज विकणारे यांत आपली माणसंही असतात. घोड्याभोवतीची भाषा तर निम्मी आपल्या घरातलीच आहे. लगाम, रिकीब, खोगीर, नाल, तबेला, साईस हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी दोन घोड्या आहेत. लग्नसराईत त्या वरातीला द्यायच्या, हाच त्या घराचा धंदा. लोकांना दिसते ती झूल, गोंडे आणि नाचणारी घोडी. घरात काय चालतं ते दिसत नाही. फज्रच्या आधी उठून लीद काढायची, दावण झाडायची, कडबा टाकायचा, रात्री भिजवलेले हरभरे द्यायचे, अंगाला खरारा करायचा. दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवायचा. यातलं निम्मं काम त्या मुलाची अम्मी करते, आणि तिचं नाव कुठल्याच हिशेबात नसतं. मुलगा मात्र लग्नाच्या दिवसांत वर्गात पेंगतो, कारण रात्री बारापर्यंत लगाम त्याच्या हातात असतो.

एका घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथं माणसाला हंडा मिळेना, तिथं दावणीच्या जनावराचं काय झालं असेल, याचा विचार घोडा पाळणाऱ्यानं आधी करावा. कमाई चार महिन्यांची असते, पोट मात्र बारा महिने असतं.

वरात काढणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं काही पोटात गेलं तर ते बाहेर टाकायची सोय अल्लाहनं त्याला दिलेली नाही. म्हणून कौतुकानं लाडू, पेढे, बिर्याणीतला भात त्याच्या तोंडासमोर धरू नये. पोटशूळ उठला तर काही तासांत घोडा जातो आणि त्यासोबत एका घराची रोजीही जाते. कानाशी डीजे आणि पायाशी फटाके हाही जुलूमच. मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहला भिऊन वागा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण वरातीच्या रात्रीही लागू असते.

आता सौद्याकडे येऊ. बाजारात घोड्याचे दात पाहून वय ठरतं. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात. त्यापुढचा अंदाज झिजेवरून. मग रंग, अंगावरचे भोवरे, चाल. पंचकल्याणीला जास्त भाव मिळतो. पण खरा प्रश्न खोडीचा असतो. त्या मुलाच्या अब्बांनी एकदा उसनवारी करून घोडी आणली. बाजारात छान चालली, आठ दिवसांत लंगडू लागली. वेदना दाबणारं इंजेक्शन देऊन ती विकली होती. कर्ज अजून फिटलेलं नाही.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आणि फसवणारा आमच्यातला नाही असं सांगणाऱ्या पैगंबरांचे (स.) आपण उम्मती. मालातला दोष लपवणं म्हणजे ‘धंद्याची हुशारी’ नव्हे. आणि घेणाऱ्यानंही भिडेला बळी पडू नये. घोडा थंड असताना, कडक जमिनीवर, दुडकी चालवून पाहावा. जनावरांच्या डॉक्टरला सोबत न्यावं. दोन साक्षीदारांसमोर कागद करावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा तर कुरआनचाच हुकूम आहे.

शर्यतीचा विषय निघाला की काहींना वाटतं, इस्लामला घोड्याची शर्यतच मंजूर नाही. तसं नाही. पैगंबरांनी (स.) स्वतः मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर, न केलेल्यांना जवळचं. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यांत धावले होते. घोड्याच्या कपाळावरच्या केसांत कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे, अशा अर्थाची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. आज जगभर शर्यतीत पळणाऱ्या थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ तीन घोड्यांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडून इंग्लंडला गेलेले. एकोणिसाव्या शतकात आखातातून जहाजानं घोडे मुंबईला उतरत, तो व्यापारही बराचसा अरब सौदागरांच्या हाती होता. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 सालचं.

शर्यत वेगळी आणि तिच्यावर लावलेली पैज वेगळी. आयोजकानं जिंकणाऱ्याला बक्षीस द्यावं, ते जायज. पण बघ्यांनी पैसे लावायचे आणि एकाचं बुडलेलं दुसऱ्यानं न्यायचं, हा जुगार. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत तो दारूच्या जोडीनं येतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे आम्हाला तरुण पोरं आवर्जून ऐकवतात. कायद्यानं गुन्हा नसणं आणि दीनमध्ये हलाल असणं, या दोन गोष्टी एक नाहीत. कौशल्य घोड्याचं आणि जॉकीचं. मोबाइलवर पगार लावणाऱ्याचं त्यात काय? पूर्वी पैज लावायला मुंबई-पुण्याला जावं लागे. आता उदगीरच्या खोलीत बसून बहिणीच्या निकाहचे पैसे बुडवता येतात. सरकार पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी घेतं. तेव्हा नुकसान तर पहिल्या बोटाच्या टिचकीलाच सुरू होतं.

कुरआनची शंभरावी सूरह, अल-आदियात, धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेनं सुरू होते. पुढे लगेच ती माणसाच्या नाशुक्रीवर आणि धनाच्या लोभावर येते. मुलांना ही छोटी सूरह पाठ असते. या महिन्यात घरी त्यांना तिचा अर्थही समजावून सांगा. घोडा आपल्या धन्यासाठी धुळीत झोकून देतो. आपण आपल्या रबसाठी काय करतो, हे त्यांना विचारा. आणि दारात वरातीची घोडी आली, तर पेढ्याऐवजी बादलीभर स्वच्छ पाणी पुढे करा. लगाम धरलेल्या पोरालाही जेवायला बसवा. सकाळी त्याला शाळेत यायचं असतं.