परसाचे वकीलपत्र

गेल्या कार्तिकात पालखी मंदिरात परतल्यावर आम्ही काही महाजन मंडळी अग्रशाळेत फराळास बसलो होतो. बोलता बोलता गोष्ट आमच्या परसावर आली. पंक्तीतील एक गृहस्थ, हुद्द्याने मोठे आणि वयानेही आमच्याहून वडील, हसत म्हणाले, "वकीलसाहेब, बाजारात पिशवीभर भाजी मिळत असता तुम्ही शहराच्या मध्यभागी, कोटींच्या जमिनीत, अळू लावता. हे शहाणपण आम्हांस काही उमगत नाही." हशा पिकला. आम्हीही हसलो, देवाच्या आवारात वाद घालू नये असे घरचे वळण आहे. परंतु ह्या प्रश्नास उत्तर आहे, व ते अग्रशाळेत दिले नाही म्हणून येथे देणे आम्हांस भाग आहे.

आमचे घर मडगावच्या जुन्या वस्तीत आहे. पुढे अंगण व तुळशीवृंदावन, मागे विहीर व न्हाणी, आणि त्यापलीकडे परसू. एके काळी तो मागच्या वाटेपर्यंत पोचत असे. आज त्याचा निम्मा भाग उरला आहे. दुसऱ्या निम्म्यावर चार मजली इमारत उभी आहे, तिच्याविषयी पुढे बोलू. उरलेल्या तुकड्यात तीन माड, एक फणस, एक नीरफणस, बिमली, शेवगा, तोरिंगाचे एक काटेरी झाड आणि विहिरीच्या काठाने केळी आहेत. न्हाणीचे पाणी पाटाने केळींना जाते, केळींना पुरून उरलेले अळवाला. ही योजना आमची नव्हे, आमच्या आजीच्याही आधीची आहे. पावसाळ्यात माटवावर दोडका व काकडी चढतात, कडेला सात शिरांची भेंडी असते. पाऊस ओसरला की तांबडी भाजी, मुळा आणि वाल. ह्या कामात घरातील पाचही माणसे आहेत. आमच्या पत्नी बियाणे राखेत घोळवून बाटल्यांत भरून ठेवतात. दोन्ही मुले कुरकुरत का होईना, वैशाखात पाणी काढतात. आम्ही स्वतः कोर्टास जाण्यापूर्वी तासभर कुदळ चालवतो. मातोश्री ऐंशीच्या घरात आहेत. त्या खुर्चीवर बसून आमच्या चुका दाखवतात, आणि ह्या सर्वांत त्यांचेच काम सर्वाधिक नियमितपणे चालते.

प्रथम हिशोबाची बाजू घेऊ. आमच्या टीकाकारांस वाटते की आम्ही स्वयंपूर्णतेचा दावा करतो. तसा दावा आम्ही कधीही केलेला नाही. तांदूळ दुकानातून येतो, कांदे-बटाटे बाजारातून. घरात रोज एक नारळ फुटतो, आणि आमचे तीन माड मिळून वर्षाला दीडशेच्या आसपास नारळ देतात. म्हणजे निम्मे वर्षही भागत नाही. तेही पाडेली वेळेवर मिळाला तर. न मिळाल्यास नारळ आपण होऊन पडतात, कौले फोडतात, आणि कौलांचा खर्च धरला असता हिशोब आणखीच बिघडतो. हे सर्व मान्य. पण ज्या बाजाराच्या बळावर आम्हांस हसले जाते, तो बाजार कोठून भरतो? गोव्यात विकली जाणारी भाजी मोठ्या प्रमाणावर घाट उतरून बेळगावकडून येते. आमचे बेळगावचे वाचक हे आमच्याहून अधिक जाणतात. मार्च २०२० मध्ये, २२ तारखेच्या जनता संचारबंदीपाठोपाठ सारे बंद झाले, घाटातील वाहतूक खोळंबली, आणि बँकेत पैसा असलेल्या घरांतूनही 'भाजी कोठे मिळेल?' एवढा एकच प्रश्न ऐकू येऊ लागला. त्या दिवसांत आम्ही शेवग्याचा पाला, केळफूल, केळीचा गाभा आणि कोवळ्या फणसाची भाजी आलटून पालटून खाल्ली. शेजारच्या इमारतीतील दोन कुटुंबे कुंपणावरून फणस घेऊन गेली. ती पैसे देऊ लागली. त्या दिवशी फणसाचा बाजारभाव काय होता हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही नव्हते.

साप आणि डास ह्यांचा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेत नाही. डास पागोळीच्या तुंबलेल्या पाण्यावर आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांवर वाढतात. पाटातून वाहत्या पाण्यावर नव्हे.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो उघडपणे कोणी बोलत नाही. तो प्रतिष्ठेचा आहे. वकिलाच्या नखांत माती असावी हे आमच्या समाजास रुचत नाही. जे हसतात त्यांनाच नव्हे, तर जुन्या परसाच्या आठवणींनी गहिवरून लेख लिहितात त्यांनाही ते रुचत नाही. ह्या दुसऱ्या वर्गाशी आमचे भांडण अधिक मोठे आहे. आजोबांच्या वेळचा परसू कसा हिरवागार होता हे ते सांगतात. तो कोणाच्या हातांनी हिरवा राहिला हे सांगत नाहीत. माड शिंपणारा मुंडकार होता. वाफे राखणाऱ्या घरातील विधवा आत्या होत्या. भाटकार सोप्यावर बसत असे. आमचे आजोबाही तेथेच बसत. त्यांनी कुदळ उचलल्याची एकही आठवण आमच्या घरात कोणास नाही.

१९७५ साली गोव्यात मुंडकारांस घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. मुंडकाराच्या घराबरोबर भोवतालची जमीन किती धरावी, ह्याचे माप घालताना त्या कायद्याने ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाहेरच्या भिंतीपासून पाच मीटर, आणि इतरत्र, म्हणजे शहरात, दोन मीटर असा भेद केला. शहरातल्या गरिबास परसाची गरज कमी, असे जणू गृहीतच धरले गेले. दोन मीटरांत न्हाणीचा पाट बसतो, अळवाची एक ओळ बसते. माड बसत नाही; माडास माडापासून सात-साडेसात मीटरांचे अंतर लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही भाटकारांच्या बाजूने अशी प्रकरणे मामलेदारापुढे चालविली आहेत. एका वृद्ध मुंडकारिणीस आम्ही उलटतपासणीत विचारले होते की, तिचा तांबड्या भाजीचा वाफा भिंतीपासून किती अंतरावर आहे. तिने पावलांत सांगितले. आम्ही ते मीटरांत मांडून घेतले. वाफा दोन मीटरांच्या बाहेर पडला. निकाल आमच्या अशिलासारखा लागला, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या जागी मोटार ठेवण्याची छपरी उभी राहिली. आमचे त्या वेळी अभिनंदन झाले होते. त्या म्हातारीची आठवण आम्हांस न्यायालयाच्या आवारात कधी आली नाही. स्वतःच्या हाताने पहिला वाफा खणून त्यात पेरलेली तांबडी भाजी उगवली, त्या दिवशी आली. म्हणून सांगतो, परसाची बाजू आम्ही जुन्या वैभवाच्या नावाने मांडत नाही. ते वैभव दुसऱ्याच्या पाठीवर उभे होते. मालकाने स्वतः राबावे, आणि ज्यास मालकी नाही त्यासही राबण्यापुरती भुई असावी, एवढीच आमची बाजू आहे.

देवस्थानाशी ज्यांचे नाते आहे त्यांनी तर ह्या विषयात अधिक सावध असावयास हवे. चतुर्थीस मूर्तीवर माटोळी बांधली जाते, तिचा अर्थ काय? भोवतालच्या रानात आणि परसात त्या ऋतूत जे पिकले, ते प्रथम देवाच्या डोक्यावर टांगावयाचे: आंबाडे, चिबूड, तोरिंग, सुपारीचे घड, नारळ. आज आम्ही त्याच वस्तूंची यादी कागदावर लिहून बाजारात नेतो आणि मिळेल त्या भावाने विकत आणतो. खतखत्यात घालावयाच्या भाज्या मोजताना पूर्वी घरातल्या बायका परसाकडे बघत. आता पिशवीकडे बघतात. देवाच्या गळ्यातली अबोली विकतची, नैवेद्याचे केळीचे पान विकतचे. आणि मंदिरांच्या आवारांतही, जेथे जेथे म्हणून माती होती तेथे तेथे, मोटारी उभ्या करण्याच्या सोयीसाठी फरशी बसत चालली आहे. कोणत्याही समितीचे नाव आम्ही घेत नाही. आम्ही स्वतः अशा एका ठरावास मुकाट्याने मान डोलावली आहे. असो. अग्रशाळेत ज्यांनी हशा पिकविला, त्या गृहस्थांच्या माटोळीस गेल्या भाद्रपदात दोन तोरिंगे लागली होती. ती आमच्या परसातून गेली होती.

आमच्या तरुण वाचकांपैकी काही ह्याच उद्योगास 'अर्बन होमस्टेड' म्हणतात, आणि त्या नावाने तो केला असता कोणी हसत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्या नावाची कथा वकिलास सांगण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात एका कुटुंबाने एक-पंचमांश एकराच्या घराच्या जागेत, त्यातील सुमारे निम्म्या भागावर, भाजी व फळे पिकवून दाखविली. वर्षाकाठी सहा हजार पौंड माल निघतो असे त्या कुटुंबाचे सांगणे होते. श्रम खरे होते, आदरास पात्र होते. परंतु पुढे त्या कुटुंबाने ते शब्दच २०१० साली आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले आणि २०११ मध्ये ते शब्द वापरणाऱ्या इतरांस पत्रे धाडली. अखेर २०१५ साली तेथील संघीय न्यायालयाने निर्णय दिला की ते शब्द सर्वसामान्य आहेत, कोणा एकाचे नाहीत. 'परसू' ह्या शब्दावर आजवर कोणी हक्क सांगितलेला नाही. त्याची किंमत आम्हांसच वाटत नाही, तर इतरांस काय वाटावी?

आता त्या इमारतीकडे आणि कायद्याकडे वळू. शेतजमिनीस कायद्याचे काही कवच आहे. ते कितपत टिकते हा निराळा प्रश्न. शहरातील घराच्या परसास तेवढेही नाही. आराखड्यात तो वस्तीचा विभाग, म्हणजे बांधण्यास मोकळी जागा. झाडांविषयी म्हणाल, तर २०१६ साली गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माडच वगळला गेला होता. ज्याला आपण कल्पवृक्ष म्हणतो तो कायद्याच्या दृष्टीने वृक्ष उरला नव्हता. ओरड झाली, सरकार बदलले, आणि २०१७ मध्ये माड पुन्हा व्याख्येत आला, इतकेच नव्हे तर राज्यवृक्ष ठरला. त्या मधल्या काळात किती माड पडले हे मोजण्याचे आम्हांस धैर्य नाही. परंतु माडावर कुऱ्हाड घालणारा बहुधा बाहेरचा नसतो. आधी घरात वाटणी होते. इन्व्हेंटरीच्या यादीत सोने तोळ्यांनी येते, जमीन चौरस मीटरांनी. पन्नास वर्षांचा फणस मात्र बहुधा एका शब्दाचाही धनी होत नाही. आमच्या थोरल्या काकांच्या शाखेने आपला निम्मा भाग असाच विकला, आणि त्यांचा आम्हांस राग नाही. मुले दूर होती, कर्ज होते, पैसा हवा होता. सहमालकीत राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे आम्ही अशिलांस नेहमी सांगत आलो आहोत.

तेच आता आम्हांस ऐकावे लागत आहे. उरलेल्या भागात धाकट्या काकांचा मुलगा आमच्याबरोबर हिस्सेदार आहे. तो मुंबईस असतो. गेल्या महिन्यात त्याने एका बांधकाम व्यावसायिकाच्या प्रस्तावाचा मसुदा धाडला, आणि आम्ही कां-कूं करताच दूरध्वनीवर म्हणाला, "दादा, तुका पिसें लागलां काय रे?" त्याच्या जागी आम्ही असतो तर हेच म्हणालो असतो. प्रकरण कोर्टात गेले तर वाटणी होईल; वारसांत बोली लागेल; परसू राखावयाचा तर आम्हांस व्यावसायिकाच्या भावाशी टक्कर देणारी बोली करावी लागेल, आणि तेवढे बळ वकिलीत नाही. हे लपवून परसाची वकिली करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु एक गोष्ट कायद्यातच आहे. गोव्यात विवाहानंतर मिळकत सामान्यतः पतिपत्नींची समाईक असते, आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीस स्थावर विकता येत नाही. परसास पाणी घालणाऱ्या बायका त्याच्या अर्ध्या धनीण आहेत, आणि तरीही आजवर आमच्या घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांनी 'येथे' म्हणून दाखविलेल्या जागी सही केली आहे; कागद वाचावयास त्यांना कोणी दिला नाही. आम्हीही दिला नव्हता. ह्या खेपेस प्रथमच दिला. पत्नीने वाचून तो मातोश्रींकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडे ओढून घेतली आणि अर्धा तास खर्चून चारही पाने वाचली. मग आमच्याकडे पाहून विचारले, "आनी बांय? बांय कोणाच्या वांट्याक?"

मसुद्यात विहिरीचा उल्लेख कोठेच नव्हता. आम्ही तो तीनदा वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद, सह्यांवाचून, आम्ही मुंबईस परत धाडला.