उंदरांचे औषध आणि भाऊजींची गोळी

शब्दांची मुळे उकरीत बसणे हा आमचा मराठीच्या मास्तरांचा धंदाच. पण 'वॉर्फरिन' या शब्दाचे मूळ धातूत नव्हे, एका संस्थेच्या पाटीवर सापडते. विस्कॉन्सिन ॲल्युमनाय रिसर्च फाउंडेशन या नावाची आद्याक्षरे आणि 'कुमारिन'ची शेपटी, झाले बारसे!

कुमारिन म्हणजे वाळत्या गवताचा तो गोड वास. अमेरिकेतल्या स्वीट क्लोव्हर या मेथीच्या कुळातल्या चाऱ्यात ते भरपूर असते. १९२० नंतर तिकडे आणि कॅनडात धडधाकट गुरे रक्तस्रावाने मरू लागली. दोष बुरशी आलेल्या चाऱ्याचा, हे फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने ताडले. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि तो चारा घेऊन मॅडिसनला कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी आला. बिचाऱ्याला त्या दिवशी 'हा चारा घालू नका' याहून अधिक काही मिळाले नाही. उत्तर सापडायला १९३९ साल उजाडले. बुरशीमुळे कुमारिनचे डायकुमरॉल होते, ते 'के' जीवनसत्त्वाच्या कामात मोडता घालते आणि मग यकृताला रक्त गोठविणारी द्रव्ये नीट घडविता येत नाहीत.

लिंकच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले वॉर्फरिन हे त्याचे धाकटे भावंड. १९४८ साली ते उंदीर मारायला बाजारात आले, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिले गेले!

'झाडपाल्याचे, म्हणजे निरुपद्रवी' असे म्हणणाऱ्यांनी त्या कालवडीकडे बघावे. आमचे भाऊजी त्यांतलेच. हृदयात कृत्रिम झडप बसविल्यापासून त्यांना हीच गोळी चालू आहे. कुणीसे लसणीच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या, तर स्वारी दोन्ही घ्यायला निघाली! लसूण फोडणीत खुशाल घालावी. पण अर्क या गोळीच्या जोडीला आला की रक्तस्रावाचे भय वाढते, आणि गोळी सोडून अर्कावर विसंबावे तर झडपेवर गुठळी धरायची. डॉक्टरांनी ती बाटली बंद करविली.

आक्काने दुसरे टोक गाठले. पालेभाजीत 'के' जीवनसत्त्व असते असे कळताच पालक-मेथी घरातून हद्दपार! "बंद नको, बाई," डॉक्टर म्हणाले, "खाऊ द्या, पण नेहमी सारखीच. महिनाभर उपास आणि एके दिवशी अख्खी जुडी, असे नको. आणि रक्ताची तपासणी चुकवू नका." तेव्हापासून आक्का पालक वाटीने मोजते. भाऊजींना पातळभाजी दुसऱ्यांदा मागायची सोय उरलेली नाही.